वाट्याला एक आवर्तन

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, शाळागीताची चित्रफीत दाखवण्यापूर्वी केलेले भाषण)



आता जी चित्रफीत दाखवणार आहोत ती तीन मिनिटांची आहे, आणि तिच्याविषयी बोलायला संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण नेहमीचंच. बटण दाबायला एक क्षण लागतो आणि ते बटण कुठं असावं यावर तीन बैठका होतात. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नाही. जेवणाला अजून वेळ आहे आणि सोलकढी काही गार होऊन बिघडत नाही. ऐकून घ्या.

आपलं शाळागीत आपण पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षं म्हटलं. शब्द आपल्या मराठीच्या सरांचे, चाल बाईंची. मेळाव्यासाठी त्या गाण्याची चित्रफीत करायची असं गेल्या गणपतीत ठरलं. आपण सगळे एकदम गावात असतो ते तेव्हाच, त्यामुळे आपल्याकडे जे काही ठरतं ते गणपतीत ठरतं आणि अनंत चतुर्दशीनंतर विसरलं जातं. या वेळी विसरलं गेलं नाही. पुढचे आठ महिने दर रविवारी रात्री आम्ही सात-आठ जण व्हिडिओ कॉलवर बसलो आणि दोनच प्रश्नांवर भांडलो. या गाण्यात दिसणार काय? आणि ते दिसणार कसं? संकल्पना आणि शैली, असे भारदस्त शब्द आहेत त्याला. आम्ही 'काय' आणि 'कसं' असंच म्हणत होतो.

त्याआधी एक छोटा प्रश्न होता तो पटकन सुटला. गाणं कुठलं घ्यायचं? कुणी म्हणालं, पुण्यात चांगल्या स्टुडिओत नव्यानं ध्वनिमुद्रण करू, वाद्यमेळ घालू, आपल्यातले बरे गाणारे चार जण गातील. तेवढ्यात बाईंच्या कपाटातून १९९५ च्या स्नेहसंमेलनाची कॅसेट निघाली. ती लावली. आधी बाक सरकल्याचा आवाज, मग कुणाचा तरी खोकला, मग पेटी, आणि मग आपण. पन्नास-साठ पोरं, निम्मी बेसूर, सगळी जोरात. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ एकटी म्हणणारी ती. तिचा आवाज ऐकल्यावर स्टुडिओचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तर गाणं ठरलं. आता 'काय'.

पहिला प्रस्ताव दुबईहून आला. ड्रोन. वरून समुद्र, माड, नवी इमारत, मग आपण सगळे एकेक करून आपापल्या आजच्या जागी: कुणी ऑफिसात, कुणी दवाखान्यात, कुणी आपल्या हॉटेलच्या गल्ल्यावर. खर्चाची तयारी त्यानं स्वतः दाखवली होती आणि मनापासून दाखवली होती. सूचना वाईट नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी आपल्या एका वर्गमैत्रिणीचा मला खासगी मेसेज आला. ती गावातच असते, काजूच्या कारखान्यात फोडणीला जाते. तिनं लिहिलं होतं, "माका खंय उभा करतलास? तुमच्या ऑफिसाच्या बाजूक?" एवढंच. पुढं हसरा चेहरा टाकला होता. मी तो मेसेज तिची परवानगी घेऊन गटात वाचून दाखवला आणि ड्रोन खाली उतरला. दुबईवाल्यानंच उतरवला, हे सांगायला हवं.

दुसरा प्रस्ताव जुन्या फोटोंचा. अडचण अशी की नव्वदीच्या दशकात आपल्या घरांत कॅमेरे किती होते? ब्याण्णव मुलांच्या आख्ख्या वर्गाचे मिळून अकरा फोटो जमले. त्यातले सहा एकाच मुलाचे. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता त्याच्या.

तिसरा प्रस्ताव कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एकानं आपला दहावीचा गटफोटो एका प्रणालीत टाकला आणि तीस सेकंदांची हलती चित्रफीत पाठवून दिली. सगळे हसतायत, मान डोलावतायत, गातायत. गटात बदामांचा पाऊस पडला. मी याच व्यवसायात असल्यामुळे माझं मत विचारलं गेलं. मी सांगितलं की तंत्र अप्रतिम आहे, फक्त सगळ्यांना एकसारखे पांढरेशुभ्र दात दिले आहेत, आणि मागच्या रांगेतला जो मुलगा त्या फोटोत रुसून खाली बघत होता तोही हसतोय. तो का रुसला होता ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. यंत्राला माहीत नाही, आणि त्याचं काही चुकलंही नाही. चेहरे दिसले की हसवायचे हे त्याला शिकवलं आहे. माझी खरी हरकत दातांवर नव्हती. तीस सेकंदांत सगळं तयार झालं तर आपण आठ महिने भेटायचं कशासाठी? त्यात आपल्यापैकी कुणालाच करण्यासारखं काही उरत नव्हतं.

इथं आम्ही तीन रविवार अडकलो.

मग मी गटाला दोन चित्रफिती बघायला दिल्या. पहिली आपल्यातल्या केबलवाल्यांच्या घरी काहींनी पाहिलेली असेल. नॉर्वेच्या 'आ-हा' या बँडचं 'टेक ऑन मी', १९८५ सालचं. कॉफीच्या दुकानात एक मुलगी चित्रकथेचं पुस्तक वाचत बसलेली असते. त्या पानातून पेन्सिलीनं काढलेला एक हात बाहेर येतो आणि तिला आत घेऊन जातो. आत ती रेघांची होते, बाहेर आली की हाडामांसाची. गंमत अशी की आदल्या वर्षी याच गाण्याची एक साधी चित्रफीत केली होती, बँड गातोय आणि वाजवतोय एवढीच. तिच्यानं काही झालं नाही. मग गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं आणि दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी ही दुसरी चित्रफीत केली. त्यातली चित्रं मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या दोघांनी काढली. आधी खरी माणसं चित्रित करायची, मग एकेक चौकट कागदावर पाडून तिच्यावरून हातानं रेघ ओढायची. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांना तिचं पेटंट १९१७ मध्येच मिळालं होतं, म्हणजे पद्धत जुनीच. सुमारे तीन हजार चित्रं, सोळा आठवडे. मला गटाला दाखवायचं होतं ते एवढंच की तिथं पेन्सिल ही सजावट नाही. पेन्सिल काढून घेतली तर गोष्टच उरत नाही. 'काय' आणि 'कसं' हे तिथं वेगळे करता येत नाहीत.

दुसरी चित्रफीत कमी लोकांना माहीत असेल. जॉनी कॅश हा अमेरिकन गायक २००३ मध्ये गेला. त्याच्या मागे प्रसिद्ध झालेल्या 'एन्ट नो ग्रेव्ह' या गाण्यासाठी ख्रिस मिल्क आणि एरन कोब्लिन यांनी २०१० मध्ये एक उपक्रम केला. त्याच्या जुन्या चित्रणातली एकेक चौकट त्यांनी इंटरनेटवर ठेवली आणि जगात कुणीही यावं, एक चौकट घ्यावी आणि तिचं चित्र काढावं असं सांगितलं. रंग नाहीत, काळा-पांढरा-करडा एवढ्याच छटा. हजारो लोकांनी चित्रं काढली. ती ओळीनं लावली की जॉनी कॅश चालतो, वळतो, बघतो, पण दर क्षणाला वेगळ्या माणसाच्या हातानं. कुणाची रेघ नाजूक, कुणाची ओबडधोबड. माझ्यातल्या इंजिनियरला यातली रंगांवरची बंधनं फार आवडली. हजारो अनोळखी माणसांचं काम एकत्र नांदायचं असेल तर सगळ्यांना सगळं मोकळं ठेवून चालत नाही. एक-दोन गोष्टी घट्ट बांधायच्या आणि बाकी सोडून द्यायचं. कुठल्या दोन बांधायच्या, एवढंच खरं काम.

"म्हणजे आपण चित्रं काढायची?" असं कुणीतरी विचारलं आणि कॉलवर शांतता पसरली. मग एकाच वेळी चौघांनी तेच वाक्य म्हटलं: "माका चित्र काढूक येणा नाय."

या शांततेतून आम्हांला बाहेर काढलं ते पिंगुळीजवळच्या आपल्या मैत्रिणीनं. पिंगुळीची चित्रकथी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत बघितली आहे आणि बघून विसरलोही आहोत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी एकमेकांना पाठवली होती, तेवढीच. ठाकर समाजाची ही कला. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, त्यांच्या पोथ्या, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं गात गात एकामागून एक समोर धरलेली पानं. गाण्याबरोबर चित्र दाखवणं आपल्या तालुक्यात टीव्हीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हे ऐकल्याबरोबर एक जण उत्साहानं म्हणाला की मग आपण सगळे चित्रकथीच्या शैलीतच काढू, ते मोठे डोळे, ते बाजूनं दाखवलेले चेहरे. ती हसली आणि म्हणाली, "ती रेघ त्या घरांची आहे रे. पिढ्यान्पिढ्या हात बसलेला असतो. आपण दोन महिन्यांत काढली तर नक्कल होईल, आणि वाईट नक्कल. त्यापेक्षा त्यांच्याकडून दुसरं घ्या. तिथं चित्र जागचं हलत नाही. गाणारा ते हलवतो. आपली चित्रं वाईट असली तरी चालतील, गाणं आहे ना मागं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते फार बरोबर होतं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना 'एक अनेक और एकता' पुन्हा बघायला लावलं. दूरदर्शनवर आपण शंभरदा पाहिलेली ती चिमण्यांची गोष्ट. विजया मुळे यांचा १९७४ चा लघुपट, चित्रं भीमसैन यांची, आणि संगीत वसंत देसाई यांचं. वसंत देसाई म्हणजे आपल्या कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' या चित्रपटांतल्या त्यांच्या ज्या प्रार्थना देशभरच्या शाळांत म्हटल्या गेल्या त्या आपणही म्हटल्या आहेत, आणि तेव्हा कुणी आपल्याला सांगितलं नाही की हा माणूस इथला, पलीकडच्या गावचा. असो. त्या लघुपटातली चित्रं नीट बघा. अगदी साधी आहेत. मोजक्या रेघा, हालचाल थोडी. पण जी हालचाल आहे ती सुरावर आहे. म्हणून ती आपल्या डोक्यात पन्नाशीपर्यंत राहणार आहे.

आता 'काय' आपोआप आलं. आपल्या शाळेची जुनी इमारत, चिऱ्याची, कौलारू, लाकडी गजांच्या खिडक्यांची, आता नाही. तिचं चित्रण कुठं नाही. म्हणजे वरून गिरवायला काहीच नाही, जे आहे ते आठवणीत आहे. आणि प्रत्येकाच्या आठवणीत शाळा सुरू व्हायची ती फाटकापासून नाही, घराच्या पायरीपासून. कुणी साकवावरून यायचं, कुणी शेताच्या मेरेवरून, कुणी पाणंदीतून, कुणी खाडीपलीकडून होडीनं, कुणी एसटीच्या टपावर दप्तर टाकून. तेव्हा संकल्पना एका वाक्याची झाली: शाळेत येण्याची माझी वाट.

ही कल्पना माझी नव्हती. कुणाची होती यावर अजून वाद आहे. तीन जण दावा करतात आणि तिघांचंही खरं असावं.

'कसं' याला मात्र आणखी दोन महिने लागले. पहिली बांधलेली गोष्ट म्हणजे कागद. एकरेघी वहीचं पान, डावीकडं लाल समास. दुसरी, साधी काळी पेन्सिल. आणि तिसरी गोष्ट आपल्या वास्तुविशारद मित्राला सुचली, जिच्यासाठी त्याला आज जेवणात दोन मोदक जास्त मिळायला हवेत: छत्री. जून महिना, शाळा सुरू होते, पाऊस कोसळतोय, प्रत्येक जण काळ्या छत्रीखाली. छत्री मागून काढायची. खाली दोन पाय, चिखल, दप्तराचा एक कोपरा. चेहरा नाही! चेहरा काढावा लागत नाही म्हटल्यावर "येणा नाय" म्हणणारे निम्मे लोक गप्प झाले. आणि छत्रीखाली कोण आहे ते कळत नाही. डॉक्टर कोण, काजू फोडणारी कोण, कुणाचे केस गेले, कुणाचं वजन वाढलं, काही कळत नाही. छत्री एकच, तिच्याखालची वाट तेवढी बदलत जाते.

आता थोडा हिशेब, कारण त्याशिवाय माझं भाषण पूर्ण होणार नाही. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. तीन मिनिटांचे एकशेऐंशी सेकंद, म्हणजे चार हजार तीनशे वीस चित्रं. अशक्य. एकेक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तर निम्मी, दोन हजार एकशे साठ. तीन चौकटी धरलं तर एक हजार चारशे चाळीस, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. चाल थोडी अडखळती दिसते, पण ती पावसातच चालणारी पोरं आहेत, अडखळू देत. वेगवेगळ्या हातांच्या चित्रांत रेघ थरथरते. अॅनिमेशनवाले म्हणतात रेघ उकळते. पावसाला ते शोभून दिसतं.

वास्तुविशारदानं आणि दुबईवाल्यानं मिळून दहा सेकंदांची चाचणी तयार केली. हो, दुबईवाल्यानं, ड्रोन उतरवल्यावर त्यानं पेन्सिल घेतली होती. सेकंदाला एक पाऊल, नेमकं आठ-आठ चित्रांचं. दिसायला सुबक. ती आम्ही बाईंच्या घरी जाऊन त्यांना दाखवली. बाईंनी चष्मा लावला, दोनदा बघितली, आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण गाणं दादऱ्यात आहे आणि पोरं केरव्यात चालतायत."

या एका वाक्यानं चित्रफितीचं सगळं अंतरंग बदललं. दादरा सहा मात्रांचा. मी घरी येऊन कॅसेटचं गाणं संगणकावर मोजलं. सरासरी एक आवर्तन अडीच सेकंदांचं, म्हणजे नेमकी वीस चित्रं. पाऊल पडायचं ते समेवर, म्हणजे पहिल्या चित्राला, आणि दुसरं पाऊल चौथ्या मात्रेवर, म्हणजे अकराव्या चित्राला. आख्खं गाणं बहात्तर आवर्तनांचं भरलं. आतापर्यंत आम्ही कामाची वाटणी सेकंदांत करत होतो आणि ती कुणाला नीट समजत नव्हती. "तुझ्या वाट्याला एक आवर्तन" म्हटल्यावर सगळ्यांना समजली. दोन पावलं टाकायची आणि छत्री पुढच्याच्या हातात द्यायची. पानाच्या उजव्या कडेला छत्री बाहेर जाते, पुढच्याच्या पानावर डाव्या कडेनं आत येते. आमच्या धंद्यात दोन तुकड्यांचं काम जिथं जुळतं त्या सांध्यावर सगळ्यात जास्त कागद लिहिले जातात. इथं सांधा एका छत्रीचा होता.

कॅसेटमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. आपण गाणं एका लयीत म्हटलेलंच नाही! सुरुवातीचं आवर्तन पावणेतीन सेकंदांचं आहे आणि शेवटचं सव्वादोनचं. पेटीवर बाई आपल्याला आवरतायत आणि आपण पळतोय. ते सरळ करायला एका दुपारचं काम होतं. बाईंना विचारलं. "कशाला? तशीच होतात तुम्ही," म्हणाल्या. मग प्रत्येक आवर्तन स्वतंत्र मोजून चित्रं त्याप्रमाणं लांबवली, आखडली. म्हणून शेवटी शेवटी छत्री धावायला लागते. मुद्दाम केलेलं नाही.

यादीचा एक विषय होता. तुकडी म्हणजे कोण? दहावीच्या निकालातली नावं घ्यावीत असं आधी ठरत होतं. मग लक्षात आलं की दहावीच्या परीक्षेपर्यंत न पोचलेलेही आपल्यातच होते. कुणाचं लग्न झालं, कुणी मुंबईला कामाला गेलं. शेवटी नववीचा हजेरीपट घेतला. दोन्ही तुकड्या मिळून ब्याण्णव नावं. त्यातली पाच आता नाहीत. उरलेल्या सत्त्याऐंशींतले चौऱ्याहत्तर सापडले आणि त्रेसष्ट जण तयार झाले. प्रत्येकाला टपालानं पाकीट गेलं: समास आखलेली चोवीस पानं, चार खराब व्हायला म्हणून जास्त, एक पेन्सिल, एक खोडरबर, आणि बाईंच्या अक्षरातली सूचना, 'पहिल्या आणि अकराव्या पानाला पाऊल'.

पाकिटं परत यायला लागली ती तीन आठवड्यांनी. टपालानं आली, एसटीनं आली, मुंबईच्या खासगी बसच्या ड्रायव्हरच्या हातून आली. डंपर चालवणाऱ्या आपल्या मित्रानं खाणीवर गाडी भरेपर्यंतच्या वेळात स्टिअरिंगवर पान ठेवून वीस चित्रं काढली. पानांना लाल माती लागली आहे, ती स्कॅनमधून मी काढली नाही. एकीनं साकवावरून जाताना मध्येच छत्री उलटी करून टाकली, वाऱ्यानं. असं करायचं नव्हतं, सांधा बिघडतो. तिचं म्हणणं, तिथं ती उलटायचीच. तिच्या पुढच्या माणसानं, तो सध्या नाशिकला असतो, स्वतःच्या पहिल्या तीन पानांत छत्री सरळ करून घेतली. तिशी-चाळिशी एकमेकांशी न बोललेली ही दोन माणसं. त्यासाठी त्यांना फोनवर अर्धा तास बोलावं लागलं.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. पानं स्कॅनरवर कधीच सारखी बसत नाहीत. अॅनिमेशनच्या कामात कागदाला भोकं पाडून ती खुंट्यांत अडकवतात, म्हणजे चित्र सरकत नाही. आपल्याकडं खुंटीचं काम समासानं केलं. मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक पानावरची लाल रेघ शोधतो, पान तेवढं फिरवतो आणि ती रेघ पडद्यावर एकाच जागी आणून ठेवतो. वर-खालीचं जुळवायला कोपऱ्यात आधीच एक बारीक फुली छापली होती. चित्रफितीत सगळं थरथरतं, तो समास तेवढा हलत नाही. शाळेत तरी समासाबाहेर कुणी लिहू देत होतं का?

पहिली दोन आवर्तनं पेटीची आहेत, तिथं फक्त भाता हलतो. शेवटची दोन गुरुजनांनी काढली आहेत. फाटकाशी कोण उभं आहे ते तुम्ही बघालच. गणिताच्या सरांनी पट्टी वापरली आहे, हे लगेच ओळखू येतं.

आता त्या पाच जणांबद्दल सांगते, आणि मग पडद्याकडं वळू.

त्यांचं काय करायचं हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी उघडपणे काढत नव्हतं. शेवटी हार घातलेले फोटो दाखवावेत असं एक मत होतं. पण मग बाकीच्यांची वाट आणि त्यांची भिंत, असं झालं असतं. छत्रीखाली कोण आहे हे कुणाचंच दिसत नाही, तर त्यांचं तरी वेगळं का दिसावं? म्हणून हजेरीपटावर त्यांचा जो क्रमांक होता तिथंच त्यांचं आवर्तन ठेवलं आणि त्यांच्या घरी पाकीट घेऊन आम्ही स्वतः गेलो. एकाच्या थोरल्या भावानं काढलं. एकीच्या आईनं काढलं, पंचाहत्तरीच्या आहेत, सगळी वीस पानं एका बैठकीत. एकाच्या पत्नीला त्याची शाळेची वाट माहीत नव्हती. ती त्याच्या आत्याबरोबर ती वाट प्रत्यक्ष चालून आली आणि मग काढली. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ जी एकटी गाते, तिची मुलगी आता दहावीत आहे. तिनं आईचा आवाज इतक्या लहान वयातला कधी ऐकला नव्हता. तिची चित्रं त्या ओळीवर आलेली नाहीत, हजेरीच्या क्रमात ती जिथं येतात तिथंच आहेत. बदलू या का असं तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली.

पाचव्या घरी नको म्हणाले. कारण आम्ही विचारलं नाही. नावही नको का, एवढं विचारलं, तेव्हा नाव असू दे म्हणाले.

त्या जागेवर काय, यावर मात्र शेवटचं भांडण झालं. आजूबाजूच्या दोघांनी एकेक पाऊल जास्त टाकून जागा भरून काढू म्हटलं. कुणी म्हणालं त्याच्या बाकावरचा मित्र काढेल, आणि तो तयारही होता. मग तोच मित्र म्हणाला, "त्येचा पान कोरा ऱ्हवांदे." आम्ही कोरं पान ठेवलं. एकच पान वीसदा दाखवलेलं नाही. त्यानं त्याच पाकिटातली वीस वेगळी कोरी पानं मला आणून दिली आणि ती मी एकेक करून स्कॅन केली.

त्यामुळे एक सूचना. पावणेदोन मिनिटांच्या सुमारास छत्री उजवीकडून बाहेर जाईल आणि अडीच सेकंद नुसतं वहीचं पान दिसेल. लाल समास स्थिर असेल, निळ्या रेघा थोड्या थरथरतील, कारण कागद दर वेळी दुसरा आहे. गाणं चालू असेल. प्रोजेक्टर बिघडलेला नाही, कुणी उठू नका. मग छत्री डावीकडून आत येईल.

मागच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्या. आणि बाईंची खुर्ची जरा पुढं घ्या, त्यांना पाय मोजायचे आहेत.